झरमॅटला जेवायचं कुठे? (आई शाकाहारी, बाबा घड्याळवाले, खिसा मध्यम)

मृदगंधा_

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला निघालोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. धाकटी बहीण बासेलला असते, ती आणि मेहुणे तिथे येऊन मिळतील, म्हणजे एकूण सात डोकी. त्यातल्या चार रात्री झरमॅटला. हॉटेल बहिणीने बघितलंय, सकाळचा नाश्ता त्यातच आहे, बाकीच्या पोटाची सोय आपली आपण करायची.

स्कीइंग फक्त बहीण आणि मेहुणे करतात. लेकीला दोन दिवस शिकवणी लावलीय. आम्ही उरलेले बर्फ बघणार, फोटो काढणार आणि भूक लागली की एकमेकांकडे बघणार. आई शुद्ध शाकाहारी आहे, तिला अंडंही चालत नाही, दारू घातलेलं तर नाहीच नाही. बाबा सगळं खातात, पण रात्री साडेसातला ताट समोर आलं नाही तर त्यांचा चेहरा बघवत नाही.

बहिणीने एका ठिकाणचं मेनूकार्ड पाठवलं. मुख्य पदार्थ ४८ फ्रँक. बाबांनी मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि मोबाइल पालथा ठेवून दिला. :(

तर कुणी गेलं असेल तर सांगा. डोंगरावर खावं की गावात? आईचं काय? आणि एकदा तरी नीट, मॅटरहॉर्नचा डोंगर समोर ठेवून जेवायचं आहे, त्यासाठी पैसे मोडायची तयारी आहे. एकदाच.

खारेदाणे

पहिला!

४८ फ्रँकमध्ये मॅटरहॉर्न समोर ठेवतात की ताटात वाढतात?

र्‍हाइनकाठी

मृदगंधाताई, बासेलला अकरा वर्षं झाली. झरमॅटला दर हिवाळ्यात एकदा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झरमॅटला दुपारचं जेवण डोंगरावर घ्यायचं आणि रात्रीचं आटोपशीर ठेवायचं. आपण उलटं करतो. दुपारी सँडविचवर भागवतो आणि रात्री 'जरा बऱ्या ठिकाणी जाऊ' म्हणून गावातल्या मुख्य रस्त्यावर मेनूकार्डं वाचत थंडीत हिंडतो. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार पडतो. रात्री तुम्ही कितीही महागात जेवलात तरी खिडकीबाहेर काळोखच. तेच पैसे दुपारी एक वाजता उन्हात बसून घालवले तर डोंगर फुकट मिळतो.

आता कुठे, तर फिंडेल्न. सुनेगाच्या खाली साधारण २,००० मीटरवर काळ्या पडलेल्या लाकडी घरांची वाडी आहे, आणि त्या एवढ्याशा वाडीत तीन-चार नावाजलेली उपाहारगृहं आहेत. सगळ्यात प्रसिद्ध 'शे व्रोनी'. घरच्या गाईंचं वाळवलेलं मांस, सॉसेज, चीज, आणि बाहेर गच्चीवर बसायला मेंढीची कातडी नि पांघरुणं. शेजारीच 'फिंडलरहोफ' आहे. इथून मॅटरहॉर्न असा दिसतो की पोस्टकार्डवाल्यांनी इथेच तिकाटणं रोवलं असावं. स्वस्त नाही. पण तुम्ही 'एकदाच' म्हणताय ना, ते एकदा इथे.

स्की येत नसेल तरी जाता येतं. गावातून सुनेगाला जमिनीखालून, बोगद्यातून जाणारी रेल्वे आहे, पाच मिनिटांच्या आत वर नेते. सुनेगा २,२८८ मीटरवर. तिथून फिंडेल्नपर्यंत बर्फ दाबून केलेली पायवाट, उतार, वीसेक मिनिटं. आई-बाबांच्या बुटांना खाली अडकवायचे रबरी काटे घ्या. उतारावर बर्फाची काच झालेली असते. आणि हो, परतताना तोच उतार चढ होतो, तेव्हा जेवण पोटात असतं!

आरक्षण आजच करा. फेब्रुवारी म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, अर्धा युरोप तिथे असतो. चांगल्या ठिकाणी दुपारच्या दोन पंगती बसतात, बाराच्या आसपास एक आणि दीड-दोनच्या सुमाराला दुसरी. पहिली धरा. ऊनही भरपूर आणि बाबाही खूश.

संध्याकाळचं म्हणाल तर स्टेशनसमोर 'कोप' हे सुपरमार्केट आहे. ब्रेड, चीज, दही, फळं, सूप, तयार सॅलड. चारांतल्या दोन रात्री त्यावर निघतात. गावात 'फुक्स' बेकरी आहे, तिथला 'बेर्गफ्युररब्रोट' म्हणजे वाटाड्यांचा पाव घेऊन बघा. सुकामेवा घातलेला, वजनदार, खिशात टाकून हिंडावं असा. एक तुकडा खाल्ला की दोन तास काही लागत नाही.

पोळपाट

माझं मत जरा वेगळं. हॉटेल रद्द करा आणि स्वयंपाकघरवाला फ्लॅट घ्या. छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, गोडा मसाला. सात माणसं आहात, एका जेवणाचे अडीचशे फ्रँक वाचले तरी चार दिवसांत विमानाचं एक तिकीट निघतं. आम्ही इंटरलाकेनला आठ दिवस असंच केलं. रोज रात्री खिचडी-तूप-पापड. मुलांनी कुरकुर केली, पण पोटं बिघडली नाहीत.

दुपारची_झोप

पोळपाट, तुमचं गणित बरोबर आहे, पण आमचं काय झालं ते ऐका. आल्प्समध्येच, दुसऱ्या एका गावात, असाच फ्लॅट घेतला होता. पहिल्याच रात्री आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला, सुकी मिरची पडली आणि छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी उणे अकरात खिडक्या उघडतेय, खालच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवर कोट चढवून दारात उभ्या. शेवटी घरमालक आला, वास घेतला आणि अनामत रकमेतले शंभर फ्रँक 'पडदे धुण्याचे' म्हणून कापून घेतले. आमटी छान झाली होती, हे नमूद करते.

तात्पर्य वगैरे नाही, पण फोडणी घरून करून डबीत न्या.

पोळपाट

:D :D पडदे धुण्याचे!

बरं, पण कुकर मात्र खरंच न्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. झरमॅट सोळाशे मीटरवर, म्हणजे पाणी साधारण ९५ अंशांवरच उकळणार. उघड्या भांड्यात तूरडाळ शिजेपर्यंत सूर्य मावळतो.

र्‍हाइनकाठी

हे बरोबर. अवांतर: गावावरून निघणारी रोपवे जिथे संपते ते 'मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज' ३,८८३ मीटरवर आहे, तिथे पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं. तिथला चहा नेहमी कच्चाच लागतो. लोक यंत्राला नावं ठेवतात, दोष हवेचा. कॉफी घ्या. आणि आई-बाबांना तिथे भरपेट जेवायला घालू नका. विरळ हवा, वर जड चीज, गरगरायला होतं. वर जावं, बघावं, खाली येऊन जेवावं.

पोळपाट यांच्या कुकरबद्दल काही म्हणणं नाही, मात्र तुपाची बरणी आणि पेढे बॅगेत टाकू नका. युरोपबाहेरून मांस नि दुधाचे पदार्थ आणायला स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे. तूप इथे लोणी कढवून होतं, आणि इथलं लोणी... असो, त्यावर वेगळा धागा काढेन.

सौ_चिकित्सक

आईंच्या बाबतीत कुणीच नीट लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

'व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. (१) 'श्पेक' हा शब्द पाठ करा. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते त्यांना मांस वाटतच नाही, कोथिंबीर भुरभुरावी तसे घालतात. 'ओने श्पेक, बिटं' म्हणायचं, म्हणजे 'श्पेक नको, कृपया'. (२) भाज्यांचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. विचारायचं. (३) फाँड्यूमध्ये (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) पांढरी वाइन असतेच, वर किर्श म्हणजे चेरीची दारू. उकळून उडून जाते असं सांगतील, सगळी उडत नाही. (४) 'केझश्निटं' म्हणून चीज घातलेला भाजका पाव मिळतो, तो पावही वाइनमध्ये भिजवतात. (५) ताज्या पास्त्यात अंडं. (६) आणि मुख्य म्हणजे चीज. ग्रुयेरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. शुद्ध शाकाहारी व्याख्येत ती बसत नाहीत.

सहाव्या मुद्द्यावर काय करायचं ते तुमच्या घरात ठरवा. मी फक्त सांगितलं.

खारेदाणे

आता राहिलं काय? पाणी?

सौ_चिकित्सक

पाणीही विकतच आहे. नळाचं मागितलं तरी काही ठिकाणी पैसे लावतात. रस्त्यातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या.

र्‍हाइनकाठी

चिकित्सकबाईंना अनुमोदन. आता आईंसाठी काय उरतं ते सांगतो. बरंच उरतं.

रोस्टी. बटाट्याचा कीस, तव्यावर थापून दोन्हीकडून खरपूस. श्पेक नको, अंडं नको म्हणायचं, वर वितळलेलं चीज किंवा भाज्या घ्यायच्या. कुठल्याही डोंगरी ठिकाणी मिळते, साधारण पंचवीसेक फ्रँक.

रॅक्लेट. हा खास वालिस प्रांताचा पदार्थ, आणि झरमॅट वालिसमध्येच येतं. चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरतात, वरचा थर वितळला की सुरीने ताटलीत खरवडतात. सोबत सालासकट उकडलेला बटाटा, काकडीचं नि कांद्याचं आंबट लोणचं. यात वाइन नाही, अंडं नाही. रेनेटचा प्रश्न आहेच, पण बाकी निर्धोक. हिशोब 'एक वाढ' असा असतो. एकेक मागवत राहायचं, आपल्याकडे गरम पोळी येत राहते तसं. दोन वाढ्या झाल्या की माणूस गप्प होतो.

टोमॅटो फाँड्यू. वालिसचाच. पावाऐवजी बटाट्यावर ओतून खातात. यातही बहुधा वाइन असते, तेव्हा विचारून.

आल्प्लरमाग्रोनन. मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा मुरंबा. ऐकायला विचित्र, मुलं तुटून पडतात. श्पेक विचारा.

आणि मेनूकार्डावर 'कोलेरा' दिसला तर घाबरू नका. तोच, पटकीवाला कॉलरा. वरच्या वालिसमधला झाकणाचा पाय (इंग्रजीतला 'pie') आहे, आत बटाटा, लीक, सफरचंद, कांदा, चीज. एकोणिसाव्या शतकात साथ आली तेव्हा लोक घराबाहेर पडेनात, घरात जे होतं ते पिठाच्या पोळीत कोंबून भाजलं, म्हणून हे नाव, अशी गोष्ट सांगतात. बहुतेक वेळा शाकाहारी. मला स्वतःला रोस्टीपेक्षा जास्त आवडतो.

फाँड्यूबरोबर थंड पाणी मागितलंत तर वेटर काळजीने बघेल. पोटात चीजचा गोळा होतो अशी इथे समजूत. पांढरी 'फाँदाँ' वाइन नाहीतर बिनदुधाचा गरम चहा घेतात. भांड्याच्या तळाशी राहिलेली करपट खरवड सोडू नका. तिच्यावरून आमच्या घरी भांडणं होतात, दहीभाताच्या खरवडीवरून व्हायची तशीच.

अधलीमधली

फिंडेल्नला माझा उणे एक. :) म्हणजे जागा सुंदरच, पण आता तिथे जेवणापेक्षा गॉगल जास्त असतात. शेजारच्या टेबलावर शँपेन उघडायचं चित्रीकरण तीनदा झालं, तोवर आमचं सूप गार.

त्यापेक्षा त्सुम झे. फुरी या रोपवेच्या थांब्याच्या खाली, चार-पाच लाकडी घरांची वाडी, त्याच नावाचं उपाहारगृह. गावातून चालतही जाता येतं, पाऊण तास, झाडीतून चढ. इथून मॅटरहॉर्न तसा समोर छाती काढून दिसत नाही. पण क्रेमश्निटं! पापुद्र्यांच्या मधे कस्टर्डचा जाड थर. काट्याने दाबलं की वरचा पापुद्रा चुरचुरतो आणि खालून क्रीम हळूच बाहेर येतं. मी तिथे दोनदा गेलेय ती जेवायला नव्हे, त्यासाठीच. (त्यात अंडं असतं, आईंना नाही चालणार. क्षमस्व.) दुपारी उशिरा गेलात तर संपलेलं असतं.

गावात फाँड्यू खायचा तर 'मोंटे रोझा' हॉटेलातलं व्हिंपर श्टूबे. छोटंसं, कोंदट, लाकडी, चीजचा वास कोटात आठ दिवस राहतो. १८६५ च्या जुलैत एडवर्ड व्हिंपर मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा चढला तो याच हॉटेलात उतरून. सात जण वर पोचले, उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. तो तुटलेला दोर गावातल्या संग्रहालयात आहे, जेवणाआधी बघून या. माझ्या नवऱ्याने जेवणानंतर बघितला आणि रात्रभर जागा राहिला.

र्‍हाइनकाठी

गॉगलबद्दल पूर्ण सहमत. पण पहिल्यांदा येणाऱ्याला फिंडेल्नच. मॅटरहॉर्न न दिसणाऱ्या ठिकाणी नेलंत तर बाबा म्हणतील, मग महाबळेश्वर काय वाईट होतं!

डोंगरवाट

बहीण-मेहुणे स्की करणारे आहेत ना, मग त्यांनी एक दुपार इटलीत जेवावं! झरमॅट आणि पलीकडचं चेर्विनिया यांच्या घसरवाटा जोडलेल्या आहेत. ३,४८० मीटरवरच्या टेस्टा ग्रीजा माथ्यावरून पलीकडे उतरलं की इटली. तोच डोंगर मागून, नाव चेर्विनो. कॉफी निम्म्या किमतीत आणि दुपटीने चांगली. पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं समजा, त्यात फोंतीना चीज आणि लोणी घोटलेलं. स्कीचा पास दोन्ही देशांचा लागतो, साधा चालत नाही.

फक्त एक करा. घड्याळ बघा. मी तिसऱ्या ग्लासाला 'अजून वेळ आहे' म्हणालो. बाहेर आलो तर वारा सुटलेला, वरच्या लिफ्टा बंद. डोंगरावरून जे अंतर तासाभराचं, ते रस्त्याने भलामोठा वळसा घालून कित्येक तासांचं. टॅक्सीवाल्याने आकडा सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की जेवण स्वस्त पडलं नाही. शेवटी तिथेच रात्र काढली, ओल्या मोज्यांत. बायको झरमॅटला, आणि खोलीची किल्ली माझ्या खिशात.

खारेदाणे

बायको काय म्हणाली ते लिहा, बाकी हवामान आम्हाला कळतं.

डोंगरवाट

ते धाग्याच्या धोरणात बसत नाही.

नसेल पलीकडे जायचं तर सुनेगाच्या वरच्या अंगाला फ्लूआल्प आहे, २,६१६ मीटरवर. गच्चीवर दुपारी कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं. स्की करणाऱ्यांसाठी मस्त.

मृदगंधा_

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. आईला चिकित्सकताईंचा सहावा मुद्दा वाचून दाखवला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आपण डेक्कनला पिझ्झा खात होतो तो कसला?" त्यानंतर तिने विषय बदलला. रेनेटचं आम्ही आता बोलत नाही.

ठरलंय ते असं: पहिल्या रात्री गावात फाँड्यू (आईला रोस्टी), दुसऱ्या दिवशी दुपारी फिंडेल्न, तिसऱ्या दिवशी गोर्नरग्राटचा डोंगर आणि रात्री रॅक्लेट, चौथी रात्र कोप. फिंडेल्नला बाराची पंगत मिळाली, बहिणीने फोन करून मिळवली. आलं नाही तर माणशी पैसे कापू म्हणाले, कार्डाचा नंबर घेऊन ठेवला.

गोर्नरग्राटला वर खायला काय?

र्‍हाइनकाठी

वरच्या हॉटेलात जेवण मिळतं, पण तिथे घरचा डबा न्या. दातेरी रुळांची गाडी आहे, १८९८ पासूनची. ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते आणि बसायला बाहेर बाकडी आहेत. उपाहारगृहाच्या गच्चीवर मात्र डबा उघडू नका, तिथे लगेच येऊन सांगतात. जाताना गाडीच्या उजव्या हाताला बसा.

अधलीमधली

आल्यावर लिहा नक्की. इथे सगळे सल्ला घेऊन गायब होतात.

*(तीन आठवड्यांनी)*

मृदगंधा_

गायब झाले नाही. :) आलो परवा. लिहिते.

पहिल्या रात्री सल्ला न ऐकल्याची शिक्षा मिळाली. गाडीला उशीर, बॅगा, विजेवरची ती छोटी टॅक्सी, सगळं होऊन आठ वाजले. आरक्षण केलंच नव्हतं. तीन ठिकाणी 'आज भरलंय' ऐकलं. चौथ्या ठिकाणी जागा मिळाली, नाव लिहीत नाही. आईची रोस्टी आली ती श्पेक पेरूनच. मी बोट दाखवलं तर वेटर म्हणाला, "थोडंसंच आहे." बदलून आणायला पंचवीस मिनिटं लागली. आईने तोवर सगळ्यांचा पाव खाल्ला. बाबांचा चेहरा सांगायला नको. सात जणांचे २६० फ्रँक.

दुसऱ्या दिवशी फिंडेल्न. इथे मात्र र्‍हाइनकाठी, तुम्हाला दंडवत. सुनेगाहून उतरताना बाबा दोनदा घसरले, काटे असूनही, पण पडले नाहीत. वाडीत शिरताना धान्याची जुनी कोठारं लागतात, चार खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबावर जात्याच्या तळीसारखा गोल चपटा दगड. बाबा तिथेच थांबले. हे कशाला म्हणून मेहुण्यांना विचारलं. उंदरांसाठी! उंदीर खांबावरून चढतो, पण त्या दगडाच्या खालून उलटा लटकून पुढे जाऊ शकत नाही. बाबा निवृत्त कृषी अधिकारी. त्यांनी मॅटरहॉर्नचे चार फोटो काढले आणि त्या दगडांचे अकरा.

जागा बाहेरची मिळाली, उन्हात, मांडीवर पांघरूण. उणे चार असेल, पण ऊन इतकं की आईने शाल काढून ठेवली. आईची रोस्टी तव्यासकट आली. कडेने तांबूस, वर चीजचे बुडबुडे अजून फुटत होते. तिने काट्याने कड मोडली, चावली आणि म्हणाली, "बटाट्याचा कीसच आहे. जिरं-मिरची घालायला विसरलेत." मग सबंध संपवला. बहिणीच्या ताटातलंही थोडं. लेकीने मॅकरोनी आणि मुरंबा वेगवेगळा खाल्ला, मग एकत्र करून परत मागवला. गॉगलवाले होते, शँपेनही उघडली गेली, पण डोंगर सगळ्यांच्या वर होता.

बिल ३२४ फ्रँक. नवऱ्याने कार्ड दिलं आणि बाबांनी त्या वेळी शहाणपणाने डोंगराकडे बघितलं. परतीचा चढ पाऊण तास चालला. तिघांनी तीन वेगळ्या जागी 'जरा फोटो काढू' म्हणून दम खाल्ला.

गोर्नरग्राटला बहिणीने बासेलहून करून आणलेल्या दशम्या, लसणीची चटणी आणि कोपमधलं दही. बाकड्यावर ओळीने बसून खाल्लं. शेजारी एक जपानी आजी-आजोबा होते, त्यांना आईने अर्धी दशमी दिली, त्यांनी तिला भाताचा त्रिकोणी गोळा दिला. आत काय आहे ते विचारण्याइतकी कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती. आईने तो बाबांना दिला. मासा होता.

रॅक्लेटची रात्र सगळ्यात छान गेली. गावातलं साधंच ठिकाण, कोपऱ्यात शेगडी, तिथे एक काका अर्धं चाक धरून उभे. चीजच्या पृष्ठभागावर आधी घाम फुटतो, मग फोड येतात, मग एकदम सगळा थर सैल होतो. त्याच क्षणी ते सुरीची पाठ वरून खाली एका दमात ओढतात. एक थेंब खाली पडला नाही. बाबांच्या सहा वाढ्या झाल्या. वेळ संध्याकाळी साडेसहा, कारण या खेपेला आरक्षण होतं. आईसाठी कोलेरा मागवला. नाव बहिणीने शेवटपर्यंत सांगितलं नाही, 'भाजीचा पाय' म्हणाली. आवडला. हॉटेलवर गेल्यावर नाव सांगितलं, तेव्हा म्हणाली, "तरीच पोट गच्च वाटतंय."

त्सुम झेला जमलं नाही. म्हणजे मी आणि नवरा चौथ्या दिवशी चालत गेलो, तीनला पोचलो. क्रेमश्निटं संपलं होतं.

अधलीमधली

लिहिलं होतं मी!! दुपारी उशिरा नको म्हणून!

मृदगंधा_

हो ग बाई. चढ पाऊण तासाचा नाही, आमच्या चालीने सव्वा तासाचा आहे.

पोळपाट

छान वृत्तांत. चार दिवसांचं एकूण किती झालं ते कळेल का? तुलनेसाठी विचारतोय, खिजवायला नाही.

मृदगंधा_

खिजवायलाच विचारताय. :) सात जणांचं, नाश्ता सोडून, साधारण १,०५०. यातले सहाशेच्या जवळपास दोन जेवणांत गेले, आणि पहिल्या रात्रीचे परत मिळाले तर घ्यायला तयार आहे.

सौ_चिकित्सक

आईंना विचारा, ती रोस्टी घरी जमेल का? एकादशीला करून बघावी म्हणते. आपला कीस मोकळा होतो, थापला तर तुटतो.

मृदगंधा_

आईने आल्या आल्या दोनदा केली, पहिली मोडली. बहिणीच्या शेजारीणबाईंनी फोनवर सांगितलं की बटाटे आदल्या दिवशी सालासकट उकडायचे, जरा कच्चट ठेवायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये गार करून मग किसायचे. जाड किसणी. लोखंडी तवा, भरपूर तूप, मंद आच, वीस मिनिटं हात लावायचा नाही. उलटताना वर ताटली पालथी घालायची, तव्यासकट उलटायचं आणि परत तव्यात सरकवायचं. दुसरी अख्खी निघाली. आईने त्यात जिरं-मिरची घातली.